दाराशी आलेले : नाशिकच्या नाताळाचा एक इतिहास

२४ डिसेंबरच्या रात्री अकराच्या सुमारास नाशिक रोडच्या एखाद्या चर्चच्या आवारात उभे राहिले, तर दोन प्रकारची माणसे सहज ओळखू येतात. पहिली धर्मग्रामातली, म्हणजे आपली. कुठल्या दाराने आत शिरायचे, कुठल्या बाकावर बसायचे, गायकवृंद कोणत्या बाजूला उभा राहतो, हे त्यांना पाठ असते. दुसऱ्या प्रकारची माणसे गोठ्यापाशी घुटमळतात. चपला दाराबाहेर काढाव्यात की घालूनच आत जावे, बायकांनी वेगळे बसायचे की घरच्यांबरोबर, मेणबत्ती कुठे लावायची, हे कोणाला विचारावे ते त्यांना कळत नाही. त्यांत शेजारच्या वसाहतीतली हिंदू व मुसलमान कुटुंबे असतात, ख्रिस्ताविषयी मनात काही शोध चालू असलेला एखादा तरुण असतो आणि बदली होऊन नुकतेच शहरात आलेले, अद्याप कोणाच्या ओळखीचे नसलेले आपलेच एखादे कॅथलिक कुटुंबही असते.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा इतिहास सांगावा, असा विचार आहे. नाताळच्या प्रथांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. गोठा, तारा, मध्यरात्रीची मिस्सा, गाणी यांच्या कथा वाचकांना परिचित आहेत. त्या रात्री दाराशी आलेल्या परक्या माणसाचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी नोंदवून ठेवते. वास्तविक संत लूक आणि संत मत्तय यांनी सांगितलेल्या जन्मकथेत बाळाच्या दर्शनाला आलेली सगळीच मंडळी बाहेरची आहेत. मेंढपाळ गावकुसाबाहेर रात्र काढणारे होते आणि मागी तर परदेशी व परधर्मी होते. घरच्यांपैकी कोणी भेटीला आल्याचा उल्लेख नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेला या प्रश्नाची चांगली जाण होती. तिसऱ्या शतकात सिरिया प्रांतात रचला गेलेला ‘दिदास्कालिया’ हा ग्रंथ उपासनेच्या व्यवस्थेसंबंधी बारीकसारीक सूचना देतो. कोणी कुठे बसावे, तरुणांनी वृद्धांसाठी जागा कशी सोडावी, परगावाहून आलेल्याची सेवकाने कशी विचारपूस करावी, हे त्यात आहे. त्यातली एक सूचना आजही चकित करते. उपासना चालू असताना एखादा गरीब मनुष्य, विशेषतः वृद्ध, आत आला आणि त्याला जागा नसेल, तर बिशपने मनापासून त्याच्यासाठी जागा करून द्यावी. त्यापायी स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. प्रतिष्ठित पाहुणा आल्यास मात्र बिशपने आपले प्रवचन थांबवू नये. त्याची व्यवस्था इतरांनी पाहावी.

पुढे दारावरच्या या कामाला ख्रिस्तसभेने एक पदच दिले. धर्मगुरुपदाकडे जाणाऱ्या उमेदवाराला ज्या कनिष्ठ दीक्षा मिळत, त्यांतली पहिली द्वारपालाची. बिशप त्याच्या हाती मंदिराच्या किल्ल्या देत आणि त्याच्याकडून घंटा वाजवून घेत. अर्थात द्वारपालाचे काम जसे आत घेण्याचे, तसे बाहेर ठेवण्याचेही होते. स्नानसंस्काराची तयारी करणारे श्रद्धार्थी शास्त्रवाचन व प्रवचन ऐकून बाहेर पडत आणि दार बंद होई. हे पद कागदोपत्री विसाव्या शतकापर्यंत टिकले. पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७२ रोजी ते रद्द केले. योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच वर्षाच्या जानेवारीत प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा नवा विधी रोमने प्रसिद्ध केला आणि श्रद्धार्थींना टप्प्याटप्प्याने, साऱ्या धर्मग्रामाच्या साक्षीने सामावून घेण्याची प्राचीन पद्धत पुन्हा सुरू झाली. दारावरचा माणूस गेला आणि दाराशी आलेल्याची आठवण परत आली, असे ते वर्ष.

गोठ्याची कथाही या अंगाने पाहण्यासारखी आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगरगावी संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणवून गव्हाणीवर मिस्सा करविली. त्या काळी उपासनेची भाषा लॅटिन होती. गावच्या शेतकऱ्यांना ती समजत नव्हती. त्यांना गव्हाण समजत होती, जनावरांच्या श्वासाची ऊब समजत होती. फ्रान्सिस यांच्या चरित्रकाराने मशाली व मेणबत्त्या घेऊन रानातून येणाऱ्या गावकऱ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. आज आपण गोठ्याची स्पर्धा भरवतो, थर्मोकोलचे डोंगर उभारतो आणि बक्षिसे वाटतो. त्याला हरकत नाही. पण मूळ गोठा ज्यांना आतली भाषा कळत नव्हती त्यांच्यासाठी मांडला गेला होता, हे लक्षात असावे.

आपल्या मराठीत हेच काम शब्दांनी झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीच्या गावांत आयुष्य काढले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ते का लिहिले, याचे कारण ग्रंथाच्या आरंभीच आले आहे. एका नवख्रिस्ती श्रोत्याने पाद्रीगुरूंपाशी तक्रार मांडली, की तुम्ही आमची जुनी पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी तशीच काही मराठी पुराणे आम्हांला का देत नाही? गुरूंनी ती तक्रार मनावर घेतली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. बेथलेहेमचा गोठा, मेंढपाळ आणि तीन राजे मराठी ओवीत आले ते असे. मात्र या कथेला एक काळी किनार आहे आणि ती झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या साष्टीत हे पुराण जन्मले, तिथली देवळे पोर्तुगीज सत्तेने एका पिढीपूर्वीच पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच येशूसंघीयांची हत्या झाली, तिच्या मुळाशी हाच संताप होता. एका हाताने दार उघडताना दुसऱ्या हातात दंड असला, की आत येणाऱ्याला ते स्वागत वाटत नाही. स्टीफन्स यांचे मोठेपण हे, की त्यांनी श्रोत्याची तक्रार ऐकली आणि त्याच्याच भाषेत उत्तर दिले.

आता नाशिककडे वळू. गोदावरीच्या या तीर्थक्षेत्री ख्रिस्ती उपासनेचे पहिले ठळक ठाणे प्रॉटेस्टंट होते, कॅथलिक नव्हे. अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली येथे काम सुरू केले आणि १८५५ च्या सुमारास पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर एक वसाहत वसवली. तिचे नाव शरणपूर. ख्रिस्ती झाल्यामुळे घर, गाव आणि उपजीविका गमावलेल्यांना शरण मिळावी, म्हणून हे नाव. आज ‘शरणपूर रोड’ म्हटले की दुकाने आणि वाहनांची गर्दी डोळ्यांसमोर येते. नावाचा अर्थ मनात येत नाही.

या शरणपुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही अनपेक्षित पाहुणे आले. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकी मुले इंग्रज आरमाराच्या हाती लागत, तेव्हा त्यांतल्या अनेकांना मुंबईस उतरवले जाई. त्यांपैकी कित्येकांची रवानगी नाशिकला झाली. त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले. कोणाची भाषा कोणाला कळत नसे. आईवडिलांचा पत्ता नव्हता. पंचवटीपासून दोन-तीन मैलांवर, ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशा मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी, ही मुले नाताळची उपासना करीत असतील, तो देखावा कसा असेल? त्यांतला एक, याओ जमातीचा जेकब वेनराइट, पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांच्यावरची अंत्यप्रार्थना म्हणणारा आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरणारा हा नाशिकचा विद्यार्थी होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. त्याच वर्षाच्या अखेरीस प्राइस मोम्बासाला गेले आणि मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली. नाशिकचे अनेक आफ्रिकी ख्रिस्ती तिथे जाऊन तिचा कणा बनले. पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ज्यांना आपण शरण दिली, त्यांनी दुसऱ्या किनाऱ्यावर इतरांना शरण दिली. आपल्या किती धर्मशिक्षण वर्गांत ही गोष्ट सांगितली जाते?

नाशिकच्याच परिसरातली आणखी एक नवागत म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा जन्म १८६८ साली गोदाकाठच्या जलालपूरला झाला. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढची पाच वर्षे त्या ना आतल्या होत्या, ना बाहेरच्या. सोवळे सुटले ते एकदम सुटले नाही. आधी वेगळी चूल, मग वेगळे पाणी, मग हळूहळू सर्वांबरोबर. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा प्रवास ज्या विनोदाने आणि निर्मळपणे सांगितला आहे, तो वाचून एक गोष्ट ध्यानात येते. त्यांना उपदेशांनी आत आणले नाही. ज्यांनी त्यांना घाई केली नाही, त्यांच्या चुलीचा मान राखला, त्यांच्याजवळ त्या बसू लागल्या. त्या प्रॉटेस्टंट होत्या म्हणून आपण हा धडा दूर ठेवण्याचे कारण नाही.

आपल्या कॅथलिक समाजाचा नाशिकमधला इतिहास पाहू लागले, की एक मजेदार गोष्ट आढळते : इथे मूळचा म्हणावा असा कोणी नाहीच. थळ घाटातून रेल्वे वर आली, तेव्हा इगतपुरी, मनमाड, भुसावळच्या रेल्वे-वसाहतींत गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. देवळालीच्या छावणीत आयरिश शिपाई येत-जात राहिले. १९२५ पासून नाशिक रोडला सरकारी छापखाना सुरू झाला. पुढे नोटांचा कारखाना, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे वीजकेंद्र, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या आणि त्यांच्यामागोमाग मंगळूरकर, तमिळ, मल्याळी, वसईकर असे सगळे आले. सर्वांत मोठा प्रवाह मात्र शेजारच्या नगर जिल्ह्यातून आला. १८७८ साली जर्मन येशूसंघीय फादर वाइसहाउप्ट यांनी केंदळ-वळण परिसरात कार्य सुरू केले, तेव्हा दुष्काळाने होरपळलेल्या आणि अस्पृश्यतेने गांजलेल्या कुटुंबांनी तिथे ख्रिस्ताचे नाव घेतले. त्यांची मुले-नातवंडे पुढे कामधंद्यासाठी, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, नाशिकला आली.

हे नगरकर आपला नाताळ बरोबर घेऊन आले. खेड्यात धर्मगुरू वर्षातून मोजक्याच वेळा पोहोचत. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंवर नजरकैदेची आणि देश सोडण्याची पाळी आली, तेव्हा तर गावोगावच्या श्रद्धेचा भार धर्मशिक्षक मास्तरांनीच वाहिला. नाताळच्या रात्री समाजमंदिरात टाळ-मृदंगाच्या साथीने भजने होत, पहाटेपर्यंत जागर चाले आणि दिवाळीसारखाच करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ गावभर वाटला जाई. १९०३ साली फादर डोरिंग यांनी सुरू केलेला ‘निरोप्या’ वाचता येणाऱ्याने इतरांना वाचून दाखवायचा, अशी पद्धत होती. शहरात आल्यावर या माणसांसमोर प्रथमच एक नवा प्रश्न उभा राहिला. स्वतःच्याच ख्रिस्तसभेच्या दारात ती पाहुणी ठरली.

लॅटिन होती तोवर ती सर्वांना सारखीच अगम्य होती, असे एक वृद्ध धर्मगुरू गमतीने म्हणत. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या संविधानाने लोकभाषेला दार उघडले. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. पादत्राणे काढून, मांडी घालून बसणे, समईची ज्योत, आरती आणि पंचांग प्रणाम या गोष्टी त्यांत आहेत. म्हणजे राहुरीच्या खेड्यातली आजी जशी देवापुढे बसत असे, तसे बसण्यास खुद्द रोमची संमती मिळाली. परंतु लोकभाषा म्हणजे कोणाची, हा तंटा मागे राहिला. अनेक शहरी चर्चांत मध्यरात्रीची मिस्सा इंग्रजीत आणि मराठी मिस्सा सकाळी, अशी वाटणी झाली. तिला कारणेही होती, सगळ्यांना समजेल अशी एक भाषा हवी होती. पण भाषेच्या वाटणीमागे कपड्यांची, शिक्षणाची आणि खोलवर कुठेतरी जातीची वाटणीही दडलेली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तमिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात जातींना वेगळे बसवणारी भिंत होती. पुढे ती पाडली गेली. आपल्याकडे भिंत कधी बांधावी लागली नाही, कारण नजरेनेच काम भागत असे. भारतीय बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतील या भेदाची कबुली दिली आणि ते पाप आहे, असे म्हटले.

घरची एक आठवण सांगतो. १९७४ साली माझी आजी राहुरी तालुक्यातून आमच्याकडे नाताळला आली. वडिलांना नुकतीच कारखान्यात नोकरी लागली होती. जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये आम्ही मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलो. आजी नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळे, गळ्यात जपमाळ. गावी ती पुढे बसत असे, म्हणून इथेही पुढच्या बाकावर जाऊन बसली. एक गृहस्थ आले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, “बाई, मराठी मिस्सा उद्या सकाळी सातला आहे.” आजी उठली. तिला वाटले, आपण चुकीच्या वेळी आलो. ती बाहेर गोठ्यापाशी जाऊन बसली आणि मिस्सा संपेपर्यंत थंडीत तिथेच जपमाळ करीत राहिली. वडील तिला आत बोलावत होते. ती आली नाही. त्यानंतर ती बारा वर्षे जगली. सकाळच्या मिस्सेला दरवर्षी गेली, रात्रीच्या कधी नाही. त्या गृहस्थांच्या मनात वाईट हेतू नसावा, असे मला आज वाटते. पण चांगल्या हेतूने उठवलेल्या माणसालाही उठावेच लागते.

१५ मे १९८७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा केला. नाशिक, नगर, धुळे आणि जळगाव हे तेव्हाचे जिल्हे त्यात आले आणि येशूसंघीय थॉमस भालेराव हे पहिले महागुरुस्वामी झाले. नाशिक रोडच्या संत आण्णा चर्चला महामंदिराचा मान मिळाला. भालेराव हे आडनाव महागुरुस्वामींच्या आसनावर दिसणे, ही खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती माणसाला केवढी गोष्ट वाटली असेल, हे बाहेरच्याला समजणे कठीण. नाताळच्या ताटातही हळूहळू मेळ पडला. आज आमच्या वसाहतीत गोवेकरांच्या नेवऱ्या, मंगळूरकरांचा कुस्वाद, वसईकरांचे कलकल आणि नगरची करंजी एकाच ताटात येतात; नेवरी आणि करंजी या सख्ख्या बहिणी आहेत, हे त्यामुळेच कळले.

बाहेरच्यांच्या बाबतीत मात्र अजून आपला गोंधळ आहे. फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला किंवा सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला सर्व धर्मांचे लोक येतात आणि कोणालाही ते खटकत नाही. नवस, मेणबत्ती, प्रसाद ही भाषा सर्वांना येते. नाताळच्या रात्री तेच लोक चर्चच्या आत येतात, तेव्हा आपण बावचळतो. कम्युनियनच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून होणारी सूचना ऐकावी : फक्त कॅथलिकांनीच पुढे यावे. सूचना शास्त्रशुद्ध आहे, आवश्यकही आहे. पण दोन तास शांतपणे बसलेल्या शेजाऱ्याच्या कानावर नाताळचे एवढेच एक वाक्य थेट त्याला उद्देशून पडते. काही ठिकाणी धर्मगुरू आता सांगतात, की ज्यांना कम्युनियन घ्यायचे नाही त्यांनी छातीवर हात ठेवून यावे, त्यांना आशीर्वाद दिला जाईल. नियम तोच राहतो. दुसरे टोकही टाळले पाहिजे. पाहुणा आला म्हणजे गळाला लागला, अशा नजरेने त्याच्याकडे पाहणारे उत्साही लोकही आपल्यात आहेत. हल्लीच्या संशयाच्या वातावरणात ते चर्चलाही महागात पडते आणि पाहुण्यालाही. गोठा बघायला आलेल्याला गोठा बघू द्यावा.

आजीच्या त्या रात्रीनंतर माझे वडील मध्यरात्रीच्या मिस्सेला कधी बाकावर बसले नाहीत. त्यांनी कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. हातात बॅटरी घेऊन ते दाराशी उभे राहत. कोणी अनोळखी दिसले, की पुढे होऊन मराठीत, नाहीतर मोडक्या हिंदीत सांगत : चपला घातल्या तरी चालतील, काढल्या तरी चालतील, बायका-पुरुष एकत्र बसतात, मुलाला झोप आली तर त्या बाजूला चटई आहे. धर्मग्रामाने त्यांना कधी त्या कामावर नेमले नव्हते. पाय थकेपर्यंत, सुमारे तीस वर्षे, ते हे करीत राहिले. गेल्या नाताळला मी तिथे उभा होतो. सातपूरहून आलेल्या एका कुटुंबातल्या म्हातारबाईंनी विचारले, पुढे बसले तर चालेल का? दुसऱ्या रांगेत एक जागा होती. त्यांना तिथवर पोहोचवून मी परत दाराशी आलो, तेव्हा पहिले गीत सुरू झाले होते.